पुरात दोनदा बुडालेली फियाट : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं, गाडीचा क्रमांक आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरच्यांनी वाचून होकार दिल्यावरच हे लिहितोय. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेड शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून जुन्या गाड्यांवरून पेटलेली घरगुती भांडणं माझ्याकडे येतात. बहुतेकांना ‘गाडी ठेवायची की काढायची’ एवढंच विचारायचं असतं. या घरातही तेच विचारलं गेलं, पण खरा प्रश्न तो नव्हता. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

गाडी १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. हे मॉडेल १९६४ पासून येत होतं. पुढे फियाटशी करार संपला, तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. कागदावर नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी फियाट ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टेअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढे सलग बाक, चारही चाकांना ड्रम ब्रेक, दारांना वारं आत घ्यायची ती तिकोनी काच. सीटबेल्ट वगैरे भानगडच नाही.

मालक म्हणजे तात्या. वय आज ऐंशीच्या पुढे. उद्यमनगरात त्यांचं छोटं मशीन शॉप होतं. नदीवरून उसाला पाणी उचलायला ऑइल इंजिनं लागत, आणि त्या इंजिनांचे सुटे भाग करणारी जी शेकडो शेडं कोल्हापुरात उभी राहिली, त्यातलं एक त्यांचं. १९७९ मध्ये त्यांनी ही गाडी इचलकरंजीच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. नवी फियाट बुक करून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे चांगल्या हाताची जुनी गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती. दिवसा डिकीत बुश आणि व्हॉल्व्ह गाइडच्या पेट्या टाकून सांगली, निपाणी, कराड. रविवारी तीच गाडी धुऊन जोतिबा नाहीतर नरसोबाची वाडी.

ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून बऱ्याच जणांनी फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. तात्यांनी बसवलं नाही. ‘ट्रॅक्टर करायचा असता तर ट्रॅक्टरच घेतला असता,’ हे त्यांचं तेव्हाचं वाक्य घरात अजून सांगितलं जातं. त्या हट्टामुळे पुढे कागदपत्रांत एक जादा पर्याय खुला राहिला, तो भाग येईलच. काही वर्षांनी थोरल्या मुलाच्या आग्रहाने घरात मारुती आली. फियाट मात्र गेली नाही. आठवड्यातून एकदा तरी रंकाळ्यापर्यंत फेरी व्हायचीच.

कोल्हापूरला जुन्या गाडीचं अप्रूप नवं नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सोनं लुटायला आलेले निम्मे लोक तिलाच बघत असतात. पण राजघराण्याच्या गाडीला सांभाळणारे हात कायम असतात. मध्यमवर्गीय घरातल्या गाडीला एकच माणूस असतो, आणि तो म्हातारा होतो.

अडचण

घर नागाळा पार्काच्या सखल भागात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि बरीच वर गेली. पोर्चमधल्या फियाटमध्ये सीटच्या वरपर्यंत पाणी आलं. घरातले सगळे ताईकडे, म्हणजे लेकीकडे, राजारामपुरीत गेले होते. पाणी ओसरल्यावर घर बघायचं की गाडी? फ्रिज, गाद्या, धान्य, भिंतीवरचा चिखल, सगळं एकदम अंगावर आलेलं. गाडीकडे कुणी वळलंच नाही. तात्यांनी ‘मी सवडीने बघतो’ म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सवड मिळेपर्यंत मार्च २०२० उजाडला, आणि त्यानंतर सगळ्यांच्याच सवडी बंद झाल्या.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. या वेळी दोन दिवस आधी अंदाज होता. गल्लीतली सहा-सात पोरं गाडी ढकलून वरच्या रस्त्याला न्यायला आली. गाडी तसूभर हलली नाही. २०१९ च्या पुराआधी तात्यांनी सवयीने हँडब्रेक ओढून ठेवला होता. ब्रेकचे भिजलेले लायनर ड्रमला चिकटून गंजले होते. ब्रेक सोडला तरी मागची चाकं जाम. पोरं दमून गेली आणि गाडी दुसऱ्यांदा बुडाली.

माझ्याकडे हे प्रकरण आलं २०२३ च्या उन्हाळ्यात. तोपर्यंतची स्थिती अशी : इंजिन जाम. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइलऐवजी दुधाळ गाळ. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका सडलेला की खालची फरशी दिसायची. नोंदणीची मुदत २०१८ मध्येच संपलेली. आरसी पुस्तक लोखंडी कपाटात होतं, पण कपाटच पाण्यात होतं. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून त्याची वडी झाली होती. आणि गाडीचा विषय निघाला की घरात दोन तट पडत.

कुणाला काय आठवत होतं

पहिल्या बैठकीत मी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. फियाट म्हटलं की काय आठवतं, एवढंच प्रत्येकाला सांगायला लावलं. यात भावुकपणा नव्हता. कुणाला गाडी का हवी आणि कुणाला का नको, हे आठवणींतून जेवढं बाहेर येतं तेवढं मतांतून येत नाही.

तात्या गाडीबद्दल फारसं बोललेच नाहीत, बोलले ते रस्त्याबद्दल. पुणे रस्ता चौपदरी नव्हता तेव्हाचा खंबाटकी. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना समोरचं दिसत नाही असं धुकं, आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढून चालवलेली गाडी. पहिला गिअर. त्याबद्दल ते पाच मिनिटं बोलले असतील. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या चाकांचा वेग जुळवून घेणारी सोय, नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो पडत नाही, नाहीतर दात घासल्याचा असा आवाज येतो की शेजारचा माणूस दचकतो. घाटातल्या वळणावर दुसऱ्यावर गाडी ओढेना झाली तर थांबायचं, पहिला टाकायचा, हँडब्रेकवर गाडी धरून क्लच सोडत वर काढायची. ‘पन्हाळ्याला मी एकदासुद्धा मागं घसरू दिली नाही,’ असं म्हणताना त्यांचा डावा हात हवेत गिअर टाकत होता.

ताईला आठवत होता पुढचा बाक. आईवडिलांच्या मधली जागा तिची होती. तिकोनी काच वळवली की वारं थेट तोंडावर यायचं. ती उघडायची परवानगी निपाणीच्या पुढे मिळायची. का, ते तिला आजही माहीत नाही.

काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, म्हणाल्या, ‘माझी आठवण म्हणजे पाण्याचा कॅन.’ प्रवासाला निघताना पाच लिटरचा कॅन आणि एक जुनं धोतर पायाशी ठेवायचं, हे त्यांचं काम होतं. कॅन रेडिएटरसाठी. धोतर पेट्रोल पंपासाठी. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनलाच बोल्ट केलेला. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ढकलता येत नाही आणि गाडी आचके देत बंद पडते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. ‘आंबा घाटात दोन तास बसलोय मी, दगडावर. हे विडी ओढत होते आणि म्हणत होते, किती छान हवा आहे.’

थोरला मुलगा, ज्याला घरात दादा म्हणतात, पुण्यात नोकरीला. त्याची आठवण सगळ्यात छोटी. ‘धक्का. शाळेच्या गणवेशात, रोज सकाळी, गल्लीतली पोरं बघत असताना.’

गाडी एकच, पण घरात तिच्या चार गोष्टी होत्या आणि त्यातल्या दोन कडवट होत्या. ‘आपली फियाट’ म्हणून सगळे हळवे होतील हा तात्यांचा समज होता, आणि तो ताई वगळता कुणालाच लागू नव्हता. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे नेहमीचं. चालवणाऱ्याच्या आठवणी गोड असतात. ढकलणाऱ्याच्या वेगळ्या.

समोरचे पर्याय

घरात पाच पर्यायांची चर्चा झाली.

पहिला, मोडीत काढणं. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. भंगारवाल्याने तीस हजारांच्या आसपास सांगितले. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेवीचं प्रमाणपत्र (गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला) मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलत. दादाला हे पटत होतं. ‘पंधरा वर्षांवरच्या गाड्या आता बंदच आहेत’ असाही त्याचा समज होता. तसं नाही. तो सरसकट नियम तेव्हा दिल्ली परिसरापुरता होता. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, वर पर्यावरण कर भरावा लागतो.

दुसरा, विकणं. गंमत म्हणजे सगळ्यात चांगली मागणी आली ती हायवेवरच्या एका तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या हॉटेलवाल्याची. त्याला गाडी दारात उभी करून आत दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या. इंजिन नसलं तरी चालेल म्हणाला. पंच्याऐंशी हजार देत होता, रोख. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसरा, नव्यासारखी करणं. पुण्यातल्या एका गॅरेजने फोटो बघून साडेपाच लाखांचा अंदाज दिला. चौथा, फक्त चालती करणं. उद्यमनगरातल्या मेस्त्रींचा अंदाज दीड लाखाचा. पाचवा पर्याय, आहे तशीच पोर्चमध्ये ठेवणं, यावर कुणी बोललं नाही. पण चार वर्षं अमलात तोच होता.

मेस्त्री गाडी बघायला आले तेव्हा त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. आधी खाली वाकून मागची चाकं बघितली आणि म्हणाले, ‘सर, हिला पुरानं मारलं नाही. उभं राहण्यानं मारलंय.’

निर्णयाचा पहिला टप्पा : पैसे की किल्ली?

दुसऱ्या बैठकीत दादा खर्चाचे आकडे मांडत होता. दीड लाखाचे दोन होतील, वर विमा, वर कर, वर दरवर्षी काहीतरी. सगळं खरं होतं. पण पन्नास-साठ हजारांची वाढ हा त्या घराला न पेलणारा खर्च नव्हता, हे मलाही दिसत होतं. शेवटी ताईच म्हणाली, ‘दादा, पैशाचं नाही रे हे. गाडी चालू झाली की तात्या किल्ली घेऊन सुटतील, हे सांग की सरळ.’

तात्या म्हणाले, ‘मग आधीच म्हणायचं होतंस.’

इथून प्रकरण बदललं. तात्यांचं लायसन्स २०२२ मध्ये संपलं होतं. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि दर वेळी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. तात्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यात काचबिंदू, कडेचं नीट दिसत नव्हतं. नूतनीकरणाला ते गेले नव्हते, कारण काय उत्तर मिळेल ते त्यांना माहीत होतं. घरच्यांनाही माहीत होतं. गाडी बंद आहे तोवर हा विषय काढायची गरज पडत नव्हती. थोडक्यात, बंद फियाट सगळ्यांच्या सोयीची होती. तिच्यामुळे तात्यांना ‘आता गाडी चालवू नका’ असं कुणालाच सांगावं लागत नव्हतं, आणि तात्यांना ते ऐकावं लागत नव्हतं.

मी एकच सुचवलं. गाडीचा निर्णय नंतर, आधी नेत्रतज्ज्ञ. तपासणी झाली. रस्त्यावर गाडी चालवू नये, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तात्या आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांनीच विचारलं की मी चालवणार नसेन तर ही चालती करून उपयोग काय? तेव्हा ताईची मुलगी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची, मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, ‘मी शिकतो की. त्यात काय एवढं, आजोबा?’

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हा. गाडी वाचवायची म्हणजे पत्रा आणि इंजिन वाचवायचं असं आपण धरून चालतो. पण ही गाडी चालवता येणारा दुसरा माणूस घरात नसेल तर कितीही खर्च करा, पाच वर्षांनी ती पुन्हा पोर्चमध्येच उभी राहते. स्टेअरिंगवरचा गिअर, चोक ओढून सकाळची सुरुवात, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी सोय) नसलेले ब्रेक आधीपासून दाबत यायची सवय, हे पुस्तकात वाचून येत नाही. शिकवणारा माणूस जवळ असेपर्यंतच शिकता येतं.

दुसरा टप्पा : किती करायचं?

चालती करायची हे ठरलं. आता ‘चालती’ म्हणजे काय यावर रस्सीखेच. तात्यांना क्रोम चमकायला हवं होतं. दादाने खर्चाची मर्यादा पावणेदोन लाख घातली. मेस्त्री, ताई आणि मी बसून क्रम ठरवला : आधी ब्रेक, मग पत्रा, मग वायरिंग, मग इंजिन. रंग, क्रोम, सीट शेवटी, पैसे उरले तर. तात्यांना इंजिन आधी ऐकायचं होतं. ते साहजिक होतं. पण इंजिन चालू झालेली आणि ब्रेक नसलेली गाडी पोर्चमध्ये उभी असणं हा धोका मला घ्यायचा नव्हता. चालू झाली की कुणीतरी ‘जरा पुढे घेऊन बघू’ म्हणतंच.

तिसरा टप्पा : कुठली नोंदणी?

गाडी पन्नास वर्षांची झाल्यामुळे एक नवा रस्ता खुला होता. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नोंदणी शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. डिझेल इंजिन बसवलं असतं तर हा पर्यायच उरला नसता, कारण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेली गाडी त्यात बसत नाही. तात्यांना प्लेट फार आवडली.

पण अट अशी की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. नातीला शिकायचं तर रोज सकाळी गाडी बाहेर निघायला हवी. म्हणून साधं नूतनीकरण निवडलं. त्याचं शुल्क तेव्हा पाच हजार होतं, अधिक उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. मान देणारी प्लेट सोडून वापर देणारा कागद घेतला, आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

काय केलं

मेस्त्रींनी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि गाडी तशीच सोडून दिली. बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह तात्यांना होत होता. त्यांना सांगितलं, पिस्टनवर पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दर सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून मेस्त्री अंगठ्याएवढा जोर देऊन बघत. एका सकाळी पुली सुईएवढी सरकली. तिथून पुढे ती अर्धा फेरा फिरायला लागली तरी त्यांनी घाई केली नाही.

हेड काढल्यावर दोन सिलिंडरना गंजाचे खड्डे दिसले. बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागले. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं. पाण्याच्या वाटांभोवती ते खाल्लं गेलं होतं, वेल्डिंग भरून फेसिंग केलं, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेतला. पिस्टन, रिंगा, गॅस्केट मुंबईहून आले. मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होत्या, त्यामुळे या गाडीचे भाग बाजारात तग धरून राहिले. जे मिळालं नाही ते बनवलं. किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचे) बुश तात्यांच्याच जुन्या कामगाराने लेथवर काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. एखाद्या शहरात पार्ट न मिळणं म्हणजे काम थांबणं. इथे नमुना घेऊन उद्यमनगरात एक चक्कर टाकायची.

कागदांनी मात्र लोखंडापेक्षा जास्त वेळ खाल्ला. गाडीची जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नव्हती. आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, मग दुय्यम आरसी, मग नूतनीकरणाचा अर्ज, मग तपासणी. १९७९ च्या हस्तांतराचा पुरावा काकूंनी शोधून काढला. देवघराच्या माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, डॉक्टरांच्या सहीची पावती. चासीवर ठोकलेला नंबर रंगाच्या थराखाली होता. तो हलक्या हाताने घासून त्याचा पेन्सिलछाप घेतला, तेव्हा कुठे फाइल हलली.

खर्च सव्वादोन लाखांवर गेला. वाढलेल्यातला मोठा भाग पत्र्याचा. लांबी (पुट्टी) भरून झाकता आलं असतं, पण पायाखालचा पत्रा झाकायचा नसतो, कापून नवा जोडायचा असतो. रंग जुनाच राहिला. सीटची कव्हरं तेवढी बदलली, ती काकूंच्या हट्टाने. पुराचा वास काही केल्या जात नव्हता.

परिणाम

२०२४ च्या सुरुवातीला गाडी रस्त्यावर आली. नात आधी गोकुळ शिरगावला नातेवाइकाच्या फाउंड्रीच्या आवारात शिकली. तिथे तात्याही चालवतात, आवारातल्या आवारात, दोन शेडच्या मधल्या रस्त्यावर. त्यांना ते पुरेल असं मला वाटलं नव्हतं. आता तर ते तेवढंही क्वचित चालवतात. शेजारी बसून ‘आता दुसरा... थांब, घाई नको... आता टाक’ हेच त्यांना जास्त आवडतं. नातीला पहिला गिअर अजून कधीकधी ओरडतो.

दादा सुट्टीला आला की गाडी चालवत नाही, पण विम्याचा हप्ता तोच भरतो. काकू पुढच्या बाकावर बसतात, मात्र घाटात येत नाहीत.

सगळं गोड झालं असं नाही. पन्हाळ्याच्या पहिल्याच फेरीत गाडी वाघबिळाच्या पुढे तापून बंद पडली आणि ओल्या फडक्याचा जुना उपाय करूनही लवकर उठली नाही. पंप उघडला तर रबराचा पडदा फुगलेला. जुन्या गाड्यांचे पडदे, नळ्या, सील इथेनॉलसाठी केलेले नाहीत. पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून हे प्रकार वाढलेत. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. (ज्या उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनांवर तात्यांचं घर उभं राहिलं, त्याच उसाच्या इथेनॉलने त्यांचा पंप खाल्ला. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले.) आता इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा घातलाय, आणि गाडी आठवड्यातून दोनदा तरी फिरते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वेळ २०१९ च्या पुरानंतरचा पहिला आठवडा होता. सेल्फ न मारता प्लग काढणं, सिलिंडरमध्ये ऑइल सोडणं, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधलं पाणी मिसळलेलं ऑइल काढून टाकणं, ड्रम उघडून पुसणं. एका माणसाचं दोन दिवसांचं काम. ते झालं असतं तर बोअर करण्याची वेळ बहुधा आली नसती. घर चिखलात असताना हे सुचणं अवघड, हे मान्य. म्हणूनच ते काम मालकावर न सोडता बाहेरच्या कुणाकडे तरी आधीच ठरवून ठेवावं. पूररेषेत राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

हँडब्रेकचं सोपं आहे. गाडी बरेच दिवस उभी करायची तर हँडब्रेक सोडून चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा. २०२१ मध्ये चाकं फिरती असती तर पोरांनी गाडी वर नेली असती आणि दुसरा पूर टळला असता.

डोळ्यांची तपासणी मात्र गाडीआधी नव्हे, गाडीशिवायच व्हायला हवी होती. घरच्यांनी ती गाडीच्या निमित्ताची वाट बघत लांबवली. काचबिंदूला तेवढी वाट बघवत नाही, गेलेली नजर परत येत नाही. याबाबत डॉक्टर घरच्यांना बरंच बोलले.

नोंदणीचं पुढचं नूतनीकरण २०२९ मध्ये. दरम्यान २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क दहा हजार झालंय, ते धरून चालावं लागेल. मोठी गोष्ट राहिली आहे ती मालकीची. मालकाच्या पश्चात गाडी नावावर करायची तर सहसा सगळ्या वारसांची संमती गोळा करावी लागते. हयातीत हस्तांतर केलं तर दोन फॉर्म आणि दोन सह्या. नातीच्या नावाने दोन्ही फॉर्म भरून तयार आहेत. तिची सही झाली आहे. तात्यांची व्हायची आहे. मागच्या वेळी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘तिला आधी न थांबता पन्हाळा चढू दे, मग बघू.’